रस्त्यातील बैठक

महाबळेश्वरास जाऊन येणारा प्रवासी जे जे पाहतो, त्यात उभ्याने पाहावयाच्या वस्तूच अधिक. लॉडविक टोकावर जनरल लॉडविक यांचा स्मारकस्तंभ आहे. १८२४ साली हे पठार चढून आलेला हा पहिला इंग्रज लष्करी अधिकारी. त्याच्या मुलाने १८७४ मध्ये तो स्तंभ उभारला. १८३१ साली ह्याच गावी निवर्तलेले मुंबईचे सेनापती सर सिडने बेकविथ यांच्याही स्मरणार्थ येथे एक उंच स्तंभ आहे. स्तंभाची रीतच अशी की, त्याने आपणांस मान वर करावयास लावावे आणि मान दुखू लागली म्हणजे आपण पुढे चालू लागावे. 'आर्थर सीट' ह्या टोकाच्या नावात तर प्रत्यक्ष आसनच आहे. पण ते आसन आर्थर मॅलेट नामक एका साहेबाचे. सावित्रीचे खोरे पाहावयास आलेले शेकडो लोक तेथे कठड्याशी उभेच असतात.

आजच्या भाषणाचा विषय ह्याच्या उलट प्रकारची कलाकृती हा आहे. ती पाहावयाची तर खरीच, पण टेकावयाचीही. आणि तीवर एकट्याने नव्हे, चारचौघांनी मिळून बसावयाचे. अलीकडे मोठमोठ्या शहरांतून अशी शिल्पे रस्त्याच्या कडेस मांडतात, त्यामुळे ही कल्पना परदेशातून आली असावी असे कित्येकांस वाटते. वस्तुतः ती आपल्या अंगणातली आहे.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री ह्या पाच नद्यांचे पाणी गोमुखातून पडते. ते गोमुख शिल्प नव्हे काय? पण त्याची कोणी काचेच्या पेटीत स्थापना केली नाही. त्याखाली ओंजळ धरावी, पाणी प्यावे, ह्यातच त्याची शोभा. कलेला कामास लावल्याने तिचा दर्जा उतरतो, ही समजूत आपल्या पाथरवटांस ठाऊक नव्हती.

तीच कृष्णा पुढे वाईस येते. पसरणीचा घाट उतरून तेथे गेले की नदीकाठच्या दगडी पायऱ्यांची ओळ दृष्टीस पडते. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून त्याची मागील भिंत टोकदार केली आहे. त्या देवळापुढचा घाट स्नानासाठी खरा. परंतु दिवसाचा हिशेब मांडला तर स्नानापेक्षा बसण्यासाठीच तो अधिक उपयोगी पडतो. कोणी संध्या करीत बसतो, कोणी धुणे आपटून विसावतो, कोणी नुसता पाणी पाहतो. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटाघाटांवर कथाकीर्तने होतात, तेव्हा ह्याच पायऱ्या श्रोत्यांची आसने बनतात. पायरीचा गुण असा की, तीवर कोणाची जागा ठरलेली नसते. एकटा आला तरी तो एकाकी दिसत नाही, आणि दहाजण आले तरी जागा अपुरी पडत नाही.

पाराची रचना ह्याहून निराळी, पण तितकीच विचारपूर्वक. वडाच्या किंवा पिंपळाच्या बुंध्याभोवती वाटोळा चौथरा. त्याच्या कडेवर बसणाऱ्याची पाठ झाडाकडे व तोंड गावाकडे असते. शेजाऱ्याशी बोलावयाचे असेल तर मान किंचित वळविली की पुरे. नको असेल तर समोर पाहिले की संवाद आपोआप मिटतो. अनोळखी माणसाशेजारी संकोचावाचून बसता यावे, ह्यासाठी याहून सोयीची आकृती सापडणे कठीण. आगगाडीच्या फलाटावरील सरळ बाकावर दोघे दोन टोकांना बसतात आणि मधली जागा रिकामी राहते, ह्याचे कारण माणसांचा तुसडेपणा नव्हे. बाकाची आकृतीच ते करवून घेते.

येथपर्यंत आपण आपल्या पूर्वजांचे कौतुक केले. पण पाराची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. गावचा पार 'सर्वांचा' म्हणत, तेव्हा त्या 'सर्वांत' कोण कोण येई? अस्पृश्य मानलेल्यांस तेथे बसण्याची मुभा नसे, आणि स्त्रिया तेथे क्वचितच टेकत. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री ज्या महाडावरून वाहते, तेथेच ह्या 'सर्व' शब्दाची परीक्षा झाली. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा इत्यादी सर्वांस खुली असावीत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तथापि ठराव कागदावर राहिला आणि तळे जेथल्या तेथे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी लोकांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावास अर्थ आला; आणि न्यायालयातला निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी व तळी यांच्याबरोबर स्नानघाट, रस्ते आणि लोकांनी एकत्र येण्याची सार्वजनिक ठिकाणे यांचाही स्पष्ट उच्चार आहे. तात्पर्य, रस्त्यातील बैठक ही क्षुल्लक सोय नव्हे. कोणी कोणाशेजारी बसावे, हा प्रश्न तिच्यात दडलेला आहे.

बाहेरच्या जगातील एक उदाहरण घेऊ. स्पेनमधील बार्सिलोना शहरी अंतोनी गौदी ह्या वास्तुशिल्पज्ञाने १९०० ते १९१४ ह्या काळात एक उद्यान रचले. त्यातील उंच चौकाच्या कडेने सर्पासारखे वळत जाणारे लांबच लांब आसन आहे. जुजोल नामक त्याच्या सहकाऱ्याने ते रंगीत फरशांच्या तुकड्यांनी मढविले. आसनाच्या प्रत्येक वळणात चारसहा माणसांचा कोंडाळा जमतो, म्हणजे एकाच आसनात अनेक ओसऱ्या झाल्या. चौकात पडणारे पावसाचे पाणी खालच्या खांबांतून उतरून टाक्यात साठते. मूळ बेत श्रीमंतांच्या वसाहतीचा होता, तो फसला. १९२६ साली ते उद्यान नगरवासीयांस खुले झाले. परंतु २०१३ पासून त्या भागात जाण्यास परदेशी पाहुण्यास तिकीट पडते. आसन फार प्रसिद्ध झाले म्हणजे तेही हळूहळू पाहावयाची वस्तू बनते, हा त्यातला बोध.

आता महाबळेश्वरच्या बाजारपेठेकडे परत येऊ. चणेफुटाणे, जाम आणि चपला यांच्या दुकानांतून हिंडणाऱ्या पाहुण्यांना बसावयाचे असते, तसेच दिवसभर उभे असणारे घोडेवाले, ओझेवाले आणि विक्रेते यांनाही. येथे शिल्पासन घडवावयाचे तर ते कसे असावे? प्रथम पाऊस. वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. लाकूड कुजते, लोखंड गंजते. पठाराच्या माथ्यावर जांभा दगड आहे. तो खाणीतून निघताना मऊ असतो, म्हणून त्यास आकार देणे सोपे. पुढे वाऱ्याने घट्ट होतो. मात्र तो सच्छिद्र, पाणी धरतो व शेवाळतो. तेव्हा खाली जांभा आणि बसावयाच्या जागी घडीव काळा पाषाण, त्यालाही पाणी वाहून जाण्यापुरता उतार, हे योग्य. उंची गुडघ्याइतकी, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. रुंदी पाऊण मीटर असली तर दोन्ही अंगांनी बसता येते. म्हाताऱ्या माणसास उठताना हाताला आधार हवा, पण तो कडेस. बाकाच्या मध्ये लोखंडी दांडे ठोकून थकलेल्या माणसास आडवे होऊ न देण्याची जी युक्ती पुष्कळ शहरांत दिसते, तिला शिल्प म्हणणे कलेचा अपमान होईल.

राहता राहिली नावाची गोष्ट. आपल्याकडील सिमेंटच्या बाकांच्या पाठीवर देणगीदाराचे नाव इतक्या ठळक अक्षरांत असते की, बसणारा ते झाकीत असल्याचा अपराधी वाटावा. घाटाच्या पायरीवर टेकणारास रास्त्यांची आठवण होवो वा न होवो, पायरी आपले काम करीतच असते. आपल्या गावात असे आसन झाले, तर त्याची परीक्षा उद्घाटनाच्या दिवशी करू नये. वर्षभराने भर दुपारी तेथे जावे आणि पाहावे: मोटारीतून उतरलेली आजीबाई आणि घोडा सावलीत बांधून आलेला घोडेवाला एकाच दगडावर बसले आहेत काय? बसले असतील, तर शिल्पकाराचे काम साधले असे समजावे.