कोयता म्हणजे नेमकं काय? अवजार, गुन्हा की नवरा-बायको?

वालूर (ता. सेलू) : शहरातल्या माणसाला कोयता म्हटलं की कोयता गँग आठवते. आपल्या भागात दसरा जवळ आला की मुकादम गावात येतो आणि विचारतो, "औंदा किती कोयते देता?" त्याला लोखंड नको असतं, माणसं पाहिजे असतात. शब्द एकच, पण अर्थ तीन. हे तीन अर्थ कसे झाले आणि त्यातला कोणता आपल्याला महागात पडतो, हे समजून घेऊ.

शब्द आला कुठून?

कोयता हा शब्द बहुधा दक्षिणेकडच्या भाषांशी नातं सांगतो. कन्नडमध्ये 'कोय्' म्हणजे कापणे आणि 'कोय्लु' म्हणजे पिकाची कापणी. तेलुगूमध्ये 'कोयु' म्हणजे कापणे. मल्याळममध्ये भाताच्या काढणीला 'कोय्त्तु' म्हणतात. तमिळमध्येही 'कोय्' म्हणजे खुडणे, कापणे. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी मारामारी नाही, पिकाची काढणी आहे. आपल्याकडे मोठ्या सुऱ्याला कत्ती म्हणतात. कन्नड, तेलुगू आणि तमिळमध्येही सुरीला कत्तीच म्हणतात. मराठवाडा तेलंगणा-कर्नाटकाला लागून आहे, त्यामुळं शेतीचे असे शब्द इकडून तिकडं जाणं नवल नाही.

मोल्सवर्थ साहेबाच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात कोयता म्हणजे दाते नसलेला विळा, असा अर्थ दिला आहे. आपला इळा वाकडा आणि हलका, गवत-ज्वारी कापायचा. कोयता जड, रुंद पात्याचा, एका घावात ऊस बुडातून तोडायचा. लोहार तो बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवतो, कारण ते पोलाद धार धरून राहतं. कोकणातला कोयता निराळा. त्याला पुढं चोच असते आणि तो नारळ-फांद्या तोडायच्या कामी येतो.

परदेशातला भाऊबंद : माचेते

इंग्रजी पिक्चरमध्ये जंगल तोडत जाणाऱ्या माणसाच्या हातात लांब पातं असतं, त्याला इंग्रजीत मॅशेटी म्हणतात. मूळ शब्द स्पॅनिश, माचेते. 'माचो' म्हणजे मोठा हातोडा किंवा घण, त्याचं लहान रूप माचेते, असं बरेच कोशकार मानतात. हे अवजार दक्षिण आणि मध्य अमेरिकेत सर्रास वापरलं जातं, आणि तिथंही त्याचं एक मोठं काम उसाच्या फडात होतं. क्युबा हा साखरेचा देश. तिथं १८६८ साली स्पेनच्या राज्याविरुद्ध लढाई पेटली, तेव्हा बंदुका कमी पडल्या आणि लोक ऊसतोडीचे माचेते घेऊन उतरले.

ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट पुढं आहे. क्युबात ऊस तोडणाऱ्या माणसाला 'माचेतेरो' म्हणतात, म्हणजे माचेतेवाला. अवजारावरून नाव पडलं, तरी तो माणूसच राहिला. आपल्याकडे 'वाला'सुद्धा गळून पडला. माणूसच कोयता झाला.

एक कोयता म्हणजे दोन माणसं

ज्यांच्या घरातून कुणी तोडीला जात नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर आणि कारखान्याशी करार करतो तोही कोयत्यांच्या आकड्यावर. पन्नास कोयत्यांची टोळी म्हटलं की त्यात शंभर माणसं असतात, पण कागदावर आकडा पन्नासच.

यात गायब कोण होतं? बाई. पहाटे उठून भाकरी ती करते, फडात ऊस ती तोडते, मोळी ती बांधते, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते तीही तीच. पण उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या हातात. दर ठरतो टनावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण त्या टनात बाईच्या कष्टाचा वाटा किती, हे वेगळं कुठं लिहिलेलं नसतं.

दुसरी अडचण खाड्याची. जोडीतलं एक जण आजारी पडलं तर आख्खा कोयता थांबतो आणि खाडा उचलीत चढतो. म्हणून पाळी असो, ताप असो, बाई फडात जातेच. याचा परिणाम काय झाला हे २०१९ साली राज्यासमोर आलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त महिलांची गर्भपिशवी काढलेली निघाली. एका शब्दानं हे सगळं घडलं असं नाही. त्यामागं गरिबी आहे, दवाखाने आहेत, उचल आहे. पण ज्या हिशेबात बाई मोजलीच जात नाही, त्यात तिच्या दुखण्याला जागा कुठून मिळणार?

शहरातला कोयता

तिसरा अर्थ अलीकडचा. २०२२ च्या अखेरीपासून पुण्यात कोयते घेऊन दहशत करणाऱ्या पोरांच्या बातम्या रोज येऊ लागल्या आणि अवजाराचं नाव टोळीला चिकटलं. त्यामुळं गावातले लोक विचारतात, कोयता बाळगणं गुन्हा आहे का? शस्त्र कायदा १९५९ चा आहे. फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू त्यात शस्त्र धरल्या जात नाहीत. म्हणून फडात कोयता नेणं गुन्हा नाही. मात्र तोच कोयता बाजारात, मिरवणुकीत किंवा भांडणात उपसला तर गुन्हा दाखल होतो. सणावाराला मनाई आदेश निघतात, तेव्हा रस्त्यानं उघडा कोयता मिरवू नका. पोत्यात गुंडाळून न्या.

आपण काय करायचं?

बोलीतला शब्द एका दिवसात बदलत नाही. पण कागद बदलता येतो.

• ग्रामसेवकांनी गावातल्या ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं, असा शासनाचा निर्णय आहे. ते नवऱ्याचं वेगळं आणि बायकोचं वेगळं मागा.

• गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची कोणतीही योजना निघाली की आधी कामगाराची नोंद विचारतात. बाईचं नाव नसेल तर ती कामगार ठरत नाही.

• उचल घेताना रक्कम, तारीख आणि दोघांची नावं चिठ्ठीवर लिहून घ्या. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

• पैसे खात्यावर येणार असतील तर बाईचंही खातं द्या.

जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं आणि लोअर दुधनानं आपल्या भागात ऊस वाढवला. काही जण आता ऊसवाले झाले, काही जण अजून तोडीला जातात. दोघांनाही एक विनंती आहे. टोळी आली की "किती कोयते आले?" असं न विचारता "किती माणसं आली?" असं विचारा. पन्नास कोयते आले असतील तर उत्तर शंभर येईल, आणि खरा आकडा तोच आहे.