नेतेलाचा काठ

जालना जिल्ह्यातल्या आष्टीच्या शिवारातला कापूस वेचून झाला की व्यापाऱ्याकडून जिनिंगला जातो. पुढे त्याचं कापड कुठे झालं, कुणी नेसलं, हे पिकवणाऱ्याला कळत नाही. इथिओपियात मात्र सरकी काढून चातीवर सूत कातणाऱ्या बायका आजही आहेत. विणतात पुरुष, आणि त्यांत दक्षिणेतल्या गामो डोंगराळ मुलखातले दोर्झे विणकर नावाजलेले. माग जमिनीतला, आपल्याकडच्या जुन्या खड्डामागासारखाच: पाय खड्ड्यात सोडून बसायचं, पायानं पावडी दाबायची, हातानं धोटा फेकायचा.

त्यावर अरुंद पट्टे निघतात. ते जोडून कपडा होतो. नेतेला ही दोन पदरी झिरझिरीत ओढणी. पठारावरच्या थंडीसाठी चार पदरी जाड गाबी. बायकांचा पायघोळ झगा तो हबेशा केमीस. सगळं पांढरं, रंग तेवढा काठात, त्याला तिबेब म्हणतात. पैठणीच्या काठात रंगीत बाणा आपल्या हद्दीपर्यंत जाऊन शेजारच्या धाग्यात गुंततो आणि परततो. तिबेबमध्ये पांढरी वीण अखंड चालते, आणि ताण्याचे धागे बोटांनी उचलून जादा रंगीत धागा भरला जातो.

पण या कपड्याचं खरं वैभव तो पांघरण्यात आहे. एरवी नेतेलाचा काठ खाली रुळतो. घरात मृत्यू झाला की तोच काठ वर, गळ्या-चेहऱ्याजवळ येतो. चर्चमध्ये जाताना दोन्ही टोकं छातीवरून फुलीसारखी खांद्यांवर टाकतात. शोकही त्याच ओढणीतून सांगता येतो. एकच ओढणी सुतकात आणि तिमकतच्या सणात माणसाबरोबर असते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

इथिओपियाशी आपल्या मुलखाचं जुनं नातं आहे. जालना 1981पर्यंत ज्या औरंगाबाद जिल्ह्यात होतं, त्या जिल्ह्याचं मुख्य शहर 1610च्या सुमारास खडकी नावानं वसवणारा मलिक अंबर याच इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. हाशिम या मुघल चित्रकारानं काढलेल्या चित्रात तो पांढऱ्या जाम्यात दिसतो, पण तो वेश दरबारी. मायदेशाचा कपडा त्याच्याकडून केव्हाच सुटला होता.

अदिस अबाबात एन्तोतो डोंगराच्या पायथ्याशी शिरो मेदा इथे या कपड्यांचा बाजार भरतो. तिथे आता तिबेबची छापील नक्कल केलेलं यंत्राचं कापडही स्वस्तात मिळतं. विणकर गिरणीचं सूत ताण्याला लावून कसाबसा माग चालू ठेवतो. चाती फिरवणाऱ्या बाईला तेवढीही वाट उरत नाही. म्हणून अस्सल हातसुताचा नेतेला घेणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी तिचा आधार असतं.