सुईचा उपचार

आपल्या चाळीसगावकडे कपाशी वेचून बायाबापड्यांची कंबर धरते. कुणी तेल चोळते, कुणी डाग घेते. आणखी एक उपचार आहे. दुखण्यावर केसासारख्या बारीक सुया टोचतात. त्याला अ‍ॅक्युपंक्चर म्हणतात. सुईत औषध नसते.

ही विद्या चीनची. ती इकडे कशी आली? १९३८ साली सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला सेवेसाठी गेले. सोबत डॉ. बसू होते. पुढे बसूंनी ही विद्या चीनमध्ये शिकून कलकत्त्यास आणली.

पुष्कळांचे दुखणे याने हलके होते. पण साप चावला, हाड मोडले, छातीत कळ आली, तर सुई नको. थेट दवाखाना गाठा.

महाराष्ट्रात या उपचाराचा कायदा आहे. नोंदणी झालेल्या माणसाकडेच जा. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ लागू शकते. म्हणून आम्ही सांगतो, नवे पाकीट आपल्यासमोर फोडू द्या, मगच सुई टोचून घ्या.