रात्रीचं जेवण पोरांच्या हातचं : आठवड्यातून एकदा, पोरगा असो की पोरगी



समूहाची बैठक पाचला सुरू झाली की सातशिवाय संपत नाही, हे आपल्याला पाठ आहे. बचत मोजायची, हप्ते बघायचे, वह्या लिहायच्या. साडेसहा वाजले की कुणीतरी चुळबुळ करायला लागतं, "ताई, माझी सही आधी घ्या हो, घरात पोरं उपाशी हायत." कुणी इचलकरंजीत कामावर जाऊन येते, कुणी हुपरीच्या चांदीचं काम घरी आणून करते, कुणी दिवसभर उसाच्या भांगलणीला. संध्याकाळची घाई मात्र सगळ्यांची एकच.

आपण उशिरा पोचलो की घरात दोनच गोष्टी होतात. एक तर पोरं दुकानातनं पाच-दहा रुपयांचा पुडा आणून भूक मारतात आणि मग जेवत नाहीत. नाहीतर नऊ-दहा वर्षांची थोरली पोरगी एकटीच शेगडीपुढं उभी राहते. दोन्ही बरं नाही. म्हणून या अंकात पोरांना झेपतील असे रात्रीच्या जेवणाचे सहा सोपे प्रकार देत आहोत. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घेऊया.

शिकवणं वेगळं, जुंपणं वेगळं

पोराला स्वयंपाक शिकवायचा म्हणजे आपलं काम त्याच्या गळ्यात टाकायचं नाही. हे ओळखायचं कसं? तीन प्रश्न स्वतःला विचारा. पोर चुलीजवळ असताना मोठं माणूस शेजारी आहे का? त्याचा अभ्यास आणि खेळ बुडत नाही ना? आणि घरातला पोरगाही करतो का? तिन्हीचं उत्तर "होय" असेल तर ते शिकवणं. एकाचंही "नाही" असेल तर आपण पोरीला जुंपलं आहे, हे मान्य करायचं.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. पोरगा कांदा चिरायला बसला की आज्जी म्हणते, "बायकांची कामं कशाला शिकवतीस त्याला?" आज्जीला हे सांगा. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८ मिनिटं. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास आणि त्यांचा दीड तास. हा फरक लग्नानंतर भांडून कमी होत नाही. तो आठव्या वर्षी हातात उलथणं देऊन कमी होतो.

आणि हे काही नवीन खूळ नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर हा शिक्षणाचाच भाग होता, मुलं-मुली दोघंही त्यात काम करत. जपानमध्ये आजही पाचवी-सहावीतले मुलगे आणि मुली शाळेतच भात शिजवायला शिकतात. मोजमाप, वेळ, स्वच्छता, काटकसर असं सगळं त्यातनं येतं. दोन वाट्या तांदळाला पाणी किती, हे गणितच आहे.

कोणत्या वयाला काय

५ ते ७ वर्षं : आग नाही, सुरी नाही. शेंगा सोलणं, मटार-पावटा सोलणं, कोथिंबीर निवडणं, वाटीनं तांदूळ मोजणं, पोहे भिजवणं, ताटं मांडणं.

८ ते १० वर्षं : काकडी-टोमॅटो चिरणं (छोटी सुरी, खाली पाट, विळी नको), किसणं, पीठ कालवणं. शेगडीवर तव्याचं काम करू द्यायचं, पण मोठं माणूस हाताच्या अंतरावर उभं हवं.

११ च्या पुढं : शेगडी पेटवणं-बंद करणं, भात, खिचडी, माडगं. मोठं माणूस निदान घरात हवं. कुकरचं झाकण उघडणं, उकळतं भगुलं उतरवणं आणि तळण ही कामं आपलीच.

चूल असेल तर वरच्या प्रत्येक वयात दोन वर्षं वाढवा. जाळ कमी-जास्त करणं पोरांना लवकर जमत नाही.

सोपे प्रकार (चार माणसांना)

१. दही-पोहे (सहा वर्षांच्या पुढं, आग नाही)
जाड पोहे ४ वाट्या चाळणीत धुऊन दहा मिनिटं झाकून ठेवायचे. मऊ झाले की त्यात दही ३ वाट्या, किसलेली काकडी, शेंगदाण्याचं कूट अर्धी वाटी, मीठ, चिमूटभर साखर आणि कोथिंबीर घालून कालवायचं. काकडी किसायचं काम थोरल्या भावंडाचं. उन्हाळ्यात पोटाला गार, आणि कूट-दह्यामुळं पोट भरतं.

२. ताक-भाकरीचा काला (सहा वर्षांच्या पुढं, आग नाही)
सकाळच्या ३-४ भाकरी बारीक कुस्करायच्या. त्यावर ताक, मीठ, बारीक चिरलेला कांदा. दहा मिनिटं मुरू द्यायचं. सोबत शेंगदाण्याची चटणी. आपल्या आज्ज्या हेच खाऊन शेतावर गेल्या. शिळी भाकरी वाया जात नाही हा दुसरा फायदा.

३. बेसनाची धिरडी (आठ वर्षांच्या पुढं, मोठं माणूस शेजारी)
बेसन २ वाट्या, ज्वारीचं पीठ १ वाटी, ओवा, हळद, मीठ, बारीक चिरलेला कांदा आणि टोमॅटो. पाणी एकदम ओतायचं नाही. आधी एक वाटी घालून गुठळ्या मोडायच्या, मग लागेल तसं, एकूण अडीच-तीन वाट्या. तव्यावर चमचाभर तेल, एक पळी पीठ, झाकण. कडा सुटल्या की उलटायचं. पहिलं धिरडं हमखास फाटतं. आपलंही फाटतं, ते पोराला सांगा.

४. उकडलेली अंडी (आठ वर्षांच्या पुढं, मोठं माणूस शेजारी)
अंडी गार पाण्यात ठेवून मग शेगडी पेटवायची. उकळी आली की घड्याळ लावून दहा मिनिटं. गरम पाणी ओतायचं काम आपलं. सोलून, मीठ-चटणी लावून भाकरीबरोबर. ज्या घरात अंडी चालत नाहीत तिथं मोड आलेली मटकी आपण वाफवून द्या आणि कांदा-लिंबू घालून पोरांना कालवू द्या. मटकी आदल्या दिवशी सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधायचं काम पाच वर्षांचं पोरही आनंदानं करतं.

५. मुगाची खिचडी (अकराच्या पुढं)
तांदूळ २ वाट्या, मूगडाळ १ वाटी, दोन्ही धुऊन वीस मिनिटं भिजत. पाणी ७ वाट्या, हळद, मीठ, हवा तर एक बटाटा आणि मूठभर मेथी. कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. शिट्टी आणि रबर आपण एकदा तपासायचं. तीन शिट्ट्या, मग बंद. वाफ आपोआप जिरू द्यायची, शिट्टी उचलून काढायची नाही. जिरे-लसणाची फोडणी आपण वरनं घालायची.

६. हुलग्याचं माडगं (अकराच्या पुढं)
भाजलेल्या हुलग्याचं पीठ अर्धी वाटी, गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचं. फोडणी आपण करून द्यायची आणि त्यात पाच वाट्या पाणी घालून उकळी आणायची. मग कालवलेलं पीठ सोडून मंद आचेवर सात-आठ मिनिटं हलवत राहायचं. गरम भाताबरोबर किंवा भाकरी चुरून. थंडीत यासारखं दुसरं नाही.

सुरक्षेचं आधी, चवीचं नंतर

• नायलॉनचा फ्रॉक, लोंबती ओढणी, मोकळे केस घेऊन शेगडीजवळ जायचं नाही. सुती कपडे, केस बांधलेले.
• तव्याची आणि कढईची मूठ आतल्या बाजूला वळवलेली. धरायला सांडशी. ओलं फडकं नको, त्यातनं वाफेचा चटका बसतो.
• काम झालं की शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर दोन्ही बंद.
• गॅसचा वास आला तर लाईटचं बटण चालू-बंद करायचं नाही, काडी ओढायची नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळ्यांनी बाहेर. बाहेर आल्यावर १९०६ ला फोन.
• तेलानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. जमलं तर गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं, आणि मोठ्या माणसाला हाक मारायची.
• भाजलं तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. नळाला पाणी नसेल तर तांब्यानं ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नका. फोड फोडू नका. जखम मोठी असेल किंवा चेहऱ्याला-हाताला असेल तर स्वच्छ फडकं झाकून दवाखान्यात. १०८ ला फोन करा.

हे मुद्दे मोठ्या अक्षरात लिहून शेगडीमागच्या भिंतीला लावा. पोरांकडनंच लिहून घ्या, म्हणजे त्यांच्या लक्षात राहतात.

मीठ कमी पडलं तर

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मधली अळणी भाजी आठवते? आई मीठ घालायला विसरली, पण घरात कुणी तक्रार केली नाही, सगळ्यांनी मुकाट्यानं भाजी खाल्ली. पोराच्या पहिल्या खिचडीला आपणही तसंच वागायचं. त्या दिवशी घरातल्या पुरुषांनाही आधीच सांगून ठेवा, "आज नावं ठेवायची नाहीत." ताटात वाढलेलं संपवायचं आणि दुसऱ्या दिवशी निवांत सांगायचं, "मीठ थोडं जास्त घालूया." एकदा हसं झालं की पोर परत शेगडीकडं फिरकत नाही. पोरगा तर नाहीच.

आणि ओटा पुसणं, भांडी विसळणं हेही स्वयंपाकातच धरा. नाहीतर पोरगा धिरडी करून मोकळा आणि पसारा आवरायला बहीण, असं व्हायचं.

या महिन्याचं काम

प्रत्येक सखीनं आठवड्यातला एक वार ठरवावा. त्या रात्री आपण घरातच असायचं, शेजारी उभं राहायचं, पण हात मागं बांधून. एका आठवड्यात पोरगी, पुढच्या आठवड्यात पोरगा. पोरगा नसेल तर त्या दिवशी पोराच्या बापाची पाळी. पुढच्या मासिक बैठकीत विषयपत्रिकेचे विषय झाले की पाच मिनिटं ठेवूया. कुणाच्या घरात काय शिजलं, काय करपलं, कोण रुसलं, सगळं सांगा. चांगले प्रकार पुढच्या अंकात घेऊ.

बैठकीला उशीर झाला तर पोरांनी दही-पोहे कालवून खाल्लेले असावेत आणि आपल्यासाठी एक वाटी झाकून ठेवलेली असावी, एवढंच मागणं आहे. शेगडी मात्र आपण घरी पोचल्यावरच पेटेल.