लाइट हेवीवेटमधून हेवीवेटमध्ये : एका उडीचा मागोवा

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये लाइट हेवीवेट गटाची कमाल मर्यादा १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९.४ किलो. हा गट १९०३ साली सुरू झाला. त्याच्या वर पुढची पाऊणशे वर्षे एकच गट होता, हेवीवेट, आणि त्याला वरची मर्यादाच नाही. कुस्तीतल्या खुल्या गटासारखा तो प्रकार. खालच्या गटांत एक पायरी चढायची म्हणजे फार तर पंधरा पौंडांचा प्रश्न असतो. इथे मात्र समोरचा गडी आपल्यापेक्षा पंधरा पौंडांनी जड निघेल की ऐंशी, याचा नेम नाही. तरीही पैसा आणि प्रसिद्धी कायम हेवीवेटकडेच राहिली. त्यामुळे लाइट हेवीवेटचे बहुतेक चांगले जगज्जेते कधी ना कधी वर डोकावले. १९८५ पर्यंत एकाही विद्यमान लाइट हेवीवेट जगज्जेत्याला ते दार उघडता आले नाही.

गंमत म्हणजे हा गट निघण्याच्या सहा वर्षे आधीच एकाने ही कामगिरी करून ठेवली होती. बॉब फिट्झसिमन्स जन्माने इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा, वाढला न्यूझीलंडमधल्या टिमारू गावी आणि धंद्याने लोहार. पाय काटकुळे आणि खांदे घणाने घडवलेले, अशी त्याची ठेवण. मिडलवेटचा जगज्जेता असलेल्या फिट्झसिमन्सने १७ मार्च १८९७ रोजी नेवाडातल्या कार्सन सिटीत हेवीवेटचा जगज्जेता जेम्स कॉर्बेट याला चौदाव्या फेरीत खाली बसवले. ठोसा डोक्यावर नव्हे, छातीच्या फासळ्या जिथे संपतात त्या खळगीत बसला. कॉर्बेट शुद्धीवर होता, पण श्वास घेता येईना आणि उठता येईना. फिट्झसिमन्सचे वजन तेव्हा जेमतेम १६७ पौंड होते. दोनच वर्षांनी जेम्स जेफ्रीजने त्याचा किताब काढून घेतला. जेफ्रीज दोनशे पौंडांच्या वरचा. फिट्झसिमन्सने १९०३ साली नव्याने निघालेला लाइट हेवीवेटचा किताबही जिंकला, म्हणजे त्याचा प्रवास वरून खाली झाला. पुढच्यांना उलटा प्रवास करायचा होता.

त्यांच्यात गाजावाजा सर्वांत जास्त झाला तो फ्रान्सच्या जॉर्ज कार्पेंतियेचा. २ जुलै १९२१ रोजी न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत तो हेवीवेटचा जगज्जेता जॅक डेम्पसी याच्यासमोर उभा राहिला, तेव्हा बॉक्सिंगच्या इतिहासात प्रथमच तिकिटांचे उत्पन्न दहा लाख डॉलरवर गेले. दुसऱ्या फेरीत त्याचा उजवा ठोसा डेम्पसीला नीट लागलाही, पण त्यात कार्पेंतियेचाच अंगठा मोडला. चौथ्या फेरीत लढत संपली. १९३४ साली मायामीत टॉमी लॉफ्रनची गाठ तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता प्रिमो कार्नेरा याच्याशी पडली. लॉफ्रन १८४ पौंड, कार्नेरा २७०. या ३९ किलोंच्या फरकापुढे लॉफ्रनची सगळी कारागिरी पंधरा फेऱ्या नुसती तग धरण्यात खर्ची पडली. त्यातून कार्नेरा त्याच्या पावलांवर पाय देई, ही तक्रार वेगळीच. १९३९ मध्ये जॉन हेन्री लुईसला हेवीवेटचा जगज्जेता जो लुईस याने पहिल्याच फेरीत गारद केले. जॉन हेन्रीची एका डोळ्याची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेलेली होती, त्यामुळे त्या निकालावरून गटांच्या फरकाबद्दल काही सिद्ध होत नाही.

सिद्ध झाले ते दोन वर्षांनी. १८ जून १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर पिट्सबर्गचा बिली कॉन जो लुईससमोर आला. त्याने या लढतीसाठी लाइट हेवीवेटचा किताब सोडला होता. त्याचे वजन १७४ पौंड जाहीर झाले, लुईसचे १९९ च्या वर. पहिल्या दोन फेऱ्यांत कॉन अडखळला, पण नंतर त्याची लय लागली. लुईस ठोसा उचलेपर्यंत कॉन दोन मारून बाजूला झालेला असे. बाराव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकने लुईस डळमळला आणि तोल सावरायला त्याला कॉनलाच मिठी मारावी लागली. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा एका पंचाच्या कागदावर कॉन ७-५ ने पुढे होता, दुसऱ्याच्या कागदावर ७-४ ने आणि एक फेरी बरोबरीत. तिसऱ्याकडे ६-६. उरलेल्या तीन फेऱ्यांपैकी एक जरी जिंकली असती तरी दोन पंचांच्या बळावर किताब कॉनचा झाला असता. कोपऱ्यातून त्याला लांब राहण्याचीच सूचना होती. कॉनने मात्र लुईसला खाली पाडायचे ठरवले आणि तेराव्या फेरीत तो जवळ गेला. लुईसला एवढेच हवे होते. उजवा ठोसा जबड्यावर बसला, मग ठोशांची रांग लागली, आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना रेफरीचे दहा आकडे मोजून झाले. १९४६ साली दोघे पुन्हा भेटले. मध्ये महायुद्धाची वर्षे गेली होती आणि कॉनच्या पायांतली ती चपळाई सरली होती. आठव्या फेरीत निकाल लागला.

कॉनच्या लढतीत या उडीतली अडचण उघडी पडते. हलका बॉक्सर जड बॉक्सरला हुकवू शकतो, गुणांवर मागेही टाकू शकतो. मात्र त्याच्या दहा ठोशांचा परिणाम समोरच्याच्या एका ठोशाने पुसला जातो, आणि पंचेचाळीस मिनिटांत तो एक ठोसा चुकवत राहणे हे शरीरापेक्षा मनाचे काम आहे. दुसरी अडचण प्रेक्षकांना सहसा दिसत नाही. मिठी पडली की जड माणूस आपले सगळे वजन समोरच्याच्या मानेवर आणि खांद्यावर टाकतो. दर फेरीत तीन-चार वेळा वीस-पंचवीस पौंडांचे जादा ओझे ढकलावे लागले, की दहाव्या फेरीपर्यंत पाय जड होतात. पायांवर तर सगळी मदार असते. यावर साधा उपाय सुचतो तो वजन वाढवण्याचा. घाईने वाढवलेले वजन मात्र बहुधा कमरेवर साठते, आणि मग ठोसा तेवढाच राहून चपळाई तेवढी जाते.

केवळ वजन हेच कारण मानले तर आर्ची मूरच्या पराभवाचा उलगडा होत नाही. २१ सप्टेंबर १९५५ रोजी यांकी स्टेडियमवर लाइट हेवीवेटचा जगज्जेता मूर आणि हेवीवेटचा जगज्जेता रॉकी मार्सियानो तराजूवर जवळजवळ सारखेच भरले, दोघेही १८८ पौंडांच्या आसपास. दुसऱ्या फेरीत मूरने मार्सियानोला खालीही पाडले. तरी नवव्या फेरीत मूरच संपला. तो चाळिशीकडे झुकलेला होता आणि मार्सियानोसारखा दम कोणत्याच गटात दुसऱ्याकडे नव्हता. मार्सियानोचा हा एकोणपन्नासावा आणि शेवटचा विजय, पराभव शून्य. पुढच्या वर्षी रिकाम्या झालेल्या किताबासाठी मूर फ्लॉइड पॅटरसनशी लढला आणि पाचव्या फेरीत हरला. पॅटरसन स्वतः १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मिडलवेटचे सुवर्ण जिंकलेला होता. जीन टनीही १९२६ मध्ये डेम्पसीला हरवण्याआधी अमेरिकेचा लाइट हेवीवेट विजेता होता. पुढे हेवीवेटचा जगज्जेता झालेल्या एझार्ड चार्ल्सची उमेदीची वर्षेही लाइट हेवीवेटमध्येच गेली, फक्त त्याला जागतिक किताबाची संधी तिथे मिळाली नाही. खालून येऊन हेवीवेट जिंकणारे होते, असे दिसते. ते वयाबरोबर, लढतीमागून लढत करत वर सरकले होते. एका रात्रीच्या मोठ्या लढतीसाठी खालचा राजा उचलून वर ठेवला, की तो पडत असे.

बॉब फॉस्टर हे त्याचे शेवटचे मोठे उदाहरण. सहा फूट तीन इंच उंच, लाइट हेवीवेटमध्ये ठोशाच्या ताकदीने दहशत बसवलेला. नोव्हेंबर १९७० मध्ये डेट्रॉइटला हेवीवेटचा जगज्जेता जो फ्रेझियर याने त्याला दुसऱ्या फेरीत झोपवले. दोन वर्षांनी मुहम्मद अलीसमोर तो ४१ पौंड हलका होता. वारंवार खाली पडत तो आठव्या फेरीपर्यंत पोचला. अलीच्या डोळ्यावर कारकिर्दीतली पहिली जखम त्याने केली, एवढे श्रेय त्याच्या नावावर राहिले.

मायकेल स्पिंक्सच्या वाट्याला १९८५ मध्ये असेच काहीतरी येणार, अशी बहुतेकांची समजूत होती. तो १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकचा सुवर्णविजेता आणि १९८३ पासून लाइट हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता. समोर होता हेवीवेटचा जगज्जेता लॅरी होम्स, ४८ लढती, ४८ विजय. आणखी एक जिंकला की मार्सियानोच्या ४९ ची बरोबरी होणार होती. तारीखही २१ सप्टेंबर, मार्सियानो-मूर लढतीला नेमकी तीस वर्षे झालेला दिवस.

स्पिंक्सने न्यू ऑर्लीन्सच्या मॅकी शिल्स्टोन या तंदुरुस्ती प्रशिक्षकाला हाताशी धरले. त्या काळी बॉक्सरचा दिवस पहाटे मैलोन्‌मैल धावण्याने सुरू होई, आणि वजने उचलली की स्नायू जखडतात, असे जुने प्रशिक्षक सांगत. शिल्स्टोनने दोन्ही गोष्टी उलट्या केल्या. लांब धावणे कमी करून छोट्या अंतराच्या वेगवान धावा, मध्ये ठरावीक विश्रांती, जोडीला वजनांचा व्यायाम आणि भरपूर पिष्टमय आहार. बॉक्सिंगची फेरी तीन मिनिटांची आणि विश्रांती एका मिनिटाची असते. तेव्हा शरीराला तसेच शिकवावे, हा त्यामागचा साधा विचार. स्पिंक्सचे वजन २०० पौंडांवर गेले आणि अंगावरची चरबी उलट घटली. ऐंशी वर्षांत जे जमले नव्हते ते हेच होते. होम्सचे वजन २२१ च्या आसपास होते आणि वय ३५. लास व्हेगासमधल्या त्या लढतीत स्पिंक्स सरळ रेषेत उभा राहिलाच नाही. विचित्र कोनांतून घुसायचे, चार-पाच ठोसे टाकायचे आणि निघायचे. पंधरा फेऱ्यांनंतर पंचांचे गुण होते १४३-१४२, १४३-१४२ आणि १४५-१४२. निकाल एकमताचा, पण केसाएवढ्या फरकाचा. एप्रिल १९८६ मधली फेरलढत स्पिंक्सने विभागलेल्या निकालावर जिंकली, आणि ती खरे तर होम्सने जिंकली होती असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. २७ जून १९८८ रोजी अटलांटिक सिटीत माइक टायसनने स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवले. त्या रात्री स्पिंक्स २१२ पौंडांचा होता, टायसनपेक्षा फार हलका नव्हता. तो त्याचा एकमेव पराभव, आणि शेवटची लढतही.

दरम्यान मधली पायरी तयार झाली होती. १९८० च्या सुमारास आलेल्या क्रूझरवेट गटाची मर्यादा सुरुवातीला १९० पौंड होती, पुढे २०० झाली. त्या गटाचा निर्विवाद विजेता इव्हँडर होलीफील्ड दोन वर्षे हेवीवेट बॉक्सरांशी लढत लढत वर गेला आणि ऑक्टोबर १९९० मध्ये त्याने हेवीवेटचा जगज्जेता बस्टर डग्लस याला तिसऱ्या फेरीत हरवले. होलीफील्ड २०८ पौंडांचा, डग्लस २४६ चा आणि सुस्तावलेला. १९९४ मध्ये होलीफील्डला हरवणारा डावखुरा मायकेल मूररही पूर्वीचा लाइट हेवीवेट विजेता होता.

रॉय जोन्सने ही मधली पायरी टाळली. मिडलवेट, सुपर मिडलवेट आणि लाइट हेवीवेट असे तीन गट जिंकून झालेला जोन्स १ मार्च २००३ रोजी लास व्हेगासमध्ये हेवीवेटच्या एका संघटनेचा जगज्जेता जॉन रुइझ याच्यासमोर आला तो १९३ पौंडांवर. रुइझ २२६ चा. तयारीत शिल्स्टोन इथेही होता. रुइझची सगळी पद्धत मिठी मारून झटापट करण्याची होती. जोन्सने त्याला जवळ येऊच दिले नाही आणि तिन्ही पंचांनी लढत त्याला दिली. मिडलवेटच्या माजी जगज्जेत्याने हेवीवेट जिंकण्याची फिट्झसिमन्सनंतरची ही पहिलीच वेळ, मध्ये १०६ वर्षे. प्रतिस्पर्धी नेमका निवडला होता, हे मात्र नोंदवायला हवे. लेनॉक्स लुईससारख्या उंच आणि जोरकस बॉक्सरसमोर जोन्स गेला नाही.

चढण्यापेक्षा उतरणेच त्याला महाग पडले. कमावलेले १८ पौंड स्नायू आठ महिन्यांत उतरवून तो पुन्हा १७५ वर आला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये अँटोनियो टार्व्हरविरुद्ध कसाबसा जिंकला. चेहरा ओढलेला, पाय थकलेले. मे २००४ मध्ये टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत पाडले, सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत. जोन्स तेव्हा ३५ वर्षांचा होता, त्यामुळे दोष एकट्या वजनावर टाकता येत नाही. पण चरबी उतरवणे वेगळे आणि बांधलेला स्नायू मोडणे वेगळे. २००५ मध्ये जेम्स टोनी या दुसऱ्या माजी मिडलवेट विजेत्यानेही रुइझला हरवले, पण उत्तेजक चाचणीत तो सापडल्याने तो निकाल रद्द झाला.

त्यानंतरची मोठी नावे क्रूझरवेटमधूनच आली. डेव्हिड हेने २००९ मध्ये न्यूरेंबर्गला सात फुटी निकोलाय व्हाल्युएव्हला गुणांवर हरवले. युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक २०१८ मध्ये क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता झाला. त्याने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ९१ किलो गटाचे सुवर्ण जिंकले होते, आणि त्याच स्पर्धेत वरच्या गटाचे सुवर्ण अँथनी जोशुआला मिळाले होते. उसिकने वर जाण्याची घाई केली नाही. २०१९ मध्ये पहिल्या हेवीवेट लढतीत तो २१५ पौंडांचा होता. सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनला त्याने जोशुआला हरवले तेव्हा २२१ चा, जोशुआ २४० चा. मे २०२४ मध्ये रियाधला टायसन फ्युरी त्याच्यापेक्षा सुमारे ४० पौंडांनी जड होता. नवव्या फेरीत फ्युरी दोरांना लटकल्यावर रेफरीने आकडे मोजले, आणि विभागलेल्या निकालावर जागतिक किताब देणाऱ्या चारही संघटनांचे किताब उसिककडे आले. डिसेंबरमधली फेरलढतही त्याने जिंकली. जुलै २०२५ मध्ये वेम्ब्लीवर त्याने डॅनियल ड्युबॉइसला पाचव्या फेरीत बाद केले. तेव्हा वयाच्या ३८ व्या वर्षी त्याचे वजन २२७ पौंड, म्हणजे सुमारे १०३ किलो होते. सहा वर्षांत बारा पौंड.