शंभर रुपयांचे इंजेक्शन

स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढली तरी निसटलेल्या पेशींमुळे कर्करोग पुन्हा उलटू शकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी २०११ पासून सुमारे १,६०० स्त्रियांवर एक साधा उपाय पारखला. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे भुलीचे जुने औषध टोचले. पाच वर्षांनी त्यांच्यातील ९०.१ टक्के हयात होत्या, इतरांतील ८६.४ टक्के. खर्च शंभर रुपयांच्या आसपास; पेढीवरच्या मुनीमजींनीही दोनदा तपासावा असा हिशेब! मात्र प्रयोगातील स्त्रियांची गाठ वेळीच, थेट शस्त्रक्रिया करण्याजोगी असताना सापडली होती. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात तपासणीची सोय आहे. तरीही पर्युषण होऊ दे, लग्न आटोपू दे, असे म्हणत घरातील बाई गाठ लपवीतच राहते.