कोरडा डोळा आणि अंधूक अक्षर

वर्गात उभे राहून वाचणारा एखादा विद्यार्थी पहिल्या चार-पाच ओळी स्पष्ट वाचतो, पुढे अडखळतो, डोळे चोळतो आणि पुन्हा नीट वाचू लागतो. थोड्या वेळाने पुन्हा तीच गत. मुलाने पाठ तयार केलेला नाही, किंवा त्याचे लक्ष खिडकीबाहेर आहे, अशी शिक्षकांची समजूत होते. क्वचित एखादे दक्ष शिक्षक त्यास अक्षरांच्या तक्त्यासमोर उभे करतात. तेथे तो शेवटची ओळदेखील वाचून दाखवितो. मग त्याच्या आळसाविषयी शंकाच उरत नाही! वस्तुतः तक्ता वाचावयास अर्धे मिनिट पुरते. धडा वाचावयास दहा मिनिटे लागतात. कोरड्या डोळ्याचे वर्म या फरकातच आहे.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेप्रमाणे एक पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. या पटलावर अश्रूंचा थर सदैव पसरलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पुष्कळ कमी. तथापि बाहेरून येणारे प्रकाशकिरण प्रथम वळतात ते याच थराच्या पृष्ठभागावर. थर एकसारखा असेल तर प्रतिमा रेखीव उमटते, तो फाटला तर अक्षराच्या कडा विसकटतात. अश्रू म्हणजे नुसते खारे पाणी नव्हे. पाणी अश्रुग्रंथीतून येते. ते लवकर उडून जाऊ नये म्हणून पापण्यांच्या कडांतील ग्रंथी त्यावर तेलाचा पातळ लेप देतात. आणि ते पटलास धरून राहावे म्हणून डोळ्याच्या आवरणातून एक बुळबुळीत द्रव्य पाझरते. जमीन सारवताना हात फिरावा, त्याप्रमाणे पापणी प्रत्येक वेळी हा थर नव्याने पसरविते. मनुष्य सहजपणे मिनिटास सुमारे पंधरा वेळा पापण्या मिटतो. वाचताना, शिवताना किंवा मोबाइलच्या पडद्याकडे पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. दोन उघडझापींमध्ये थर जागोजाग फाटतो आणि अक्षर अंधूक होते.

यावरून एक साधी पारख हाती येते. पापणी नीट मिटून उघडताच अक्षर स्पष्ट होत असेल, तर दोष बहुधा कोरडेपणाचा. पापणी मिटूनही काहीच फरक पडत नसेल, तर चष्म्याची गरज असण्याचा संभव अधिक. अर्थात ही पारख केवळ दिशा दाखविते, निर्णय नेत्रतज्ज्ञाचाच. सतत डोळे चोळणाऱ्या मुलास खाजेचाही विकार असू शकतो.

पालकांस चकविणारी गोष्ट अशी की, कोरड्या डोळ्यातून पाणी वाहते. पटल टोचू लागले की अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोट सोडते. पण त्यात तेलाचा व बुळबुळीत द्रव्याचा अंश पुरेसा नसतो, म्हणून ते गालावर ओघळून जाते आणि डोळा पुन्हा कोरडाच राहतो. पाण्याचे प्रमाण मोजण्याची रीत जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांनी १९०३ साली घालून दिली. टिपकागदासारखी एक बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवितात व ती पाच मिनिटांत किती भिजली ते पाहतात. पाच मिलिमीटरहून कमी भिजल्यास पाणी फारच थोडे आहे असे समजतात.

हा त्रास मुलांपेक्षा प्रौढांत अधिक. पन्नाशीकडे झुकलेल्या शिक्षकांस, आणि त्यांतही शिक्षिकांस, तो विशेष जाणवतो. खडूची धूळ, तोंडावर येणारा पंख्याचा वारा, चुलीचा धूर यांनी त्यात भर पडते. सर्दीच्या काही गोळ्यांनीही अश्रू कमी होतात. उपाय साधे आहेत. फळा ओल्या फडक्याने पुसावा. पुस्तक डोळ्यांच्या पातळीहून खाली धरावे, म्हणजे पापणी कमी उघडी राहते. पानाच्या शेवटी पापण्या दोन-तीन वेळा पूर्ण मिटाव्यात. अर्धवट मिटून उपयोग नाही. कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने मिटलेल्या पापण्या पाच-दहा मिनिटे शेकल्यास कडांतील थिजलेले तेल मोकळे होते. एवढ्याने न भागल्यास डॉक्टर कृत्रिम अश्रूंचे थेंब देतात. दुकानातून मनाने आणलेले लाली घालविणारे थेंब मात्र वर्ज्य समजावेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास आराम ताबडतोब वाटतो, पण दीर्घ वापराने काचबिंदू होऊन दृष्टी जाऊ शकते. मध, दूध किंवा पाल्याचा रस डोळ्यात पिळण्याची चालही सोडावयास हवी.

येथवर सांगितलेला कोरडेपणा बहुधा त्रासदायक असतो, घातक क्वचितच. याहून अगदी निराळा असा एक कोरडेपणा बालकांत आढळतो आणि तो डोळा कायमचा घेऊन जातो. त्याचे कारण अ जीवनसत्त्वाचा अभाव. या सत्त्वावाचून डोळ्याचे ओलसर आवरण कातडीसारखे रुक्ष बनते. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमधील बालकांत हा रोग बळावला होता. देशात लोणी मुबलक निघे, परंतु ते परदेशी विकले जाई आणि गरिबांची मुले साय काढलेल्या दुधावर व वनस्पतीजन्य लोण्यावर वाढत. पुढे निर्यात अडली, १९१८ साली लोणी शिधावाटपाने घरोघर मिळू लागले आणि रोग ओसरला. कार्ल ब्लोख या बालवैद्यांनी ही हकीकत नोंदून ठेविली आहे.

पहिले लक्षण रातांधळेपणा. दिवेलागणीनंतर मूल ठेचकाळते, ताटलीतील घास चाचपडते, खेळ सोडून आईला बिलगून बसते. त्यानंतर डोळ्याच्या पांढऱ्या भागाची चकाकी जाते व त्यावर, बहुधा कानाकडील बाजूस, साबणाच्या फेसासारखा पांढुरका डाग दिसतो. १८६३ साली त्याचे वर्णन करणारे फ्रेंच वैद्य बितो यांच्या नावाने तो ओळखला जातो. येथवर दृष्टी वाचविता येते. गोवर किंवा लांबलेली हगवण झाली आणि पारपटल मऊ पडू लागले, की काही दिवसांतच डोळा जातो आणि मग औषध उरत नाही.

अळू, माठ, मेथी, शेवग्याचा पाला, गाजर, पिकलेली पपई, आंबा, लाल भोपळा, अंडी व दूध यांतून हे सत्त्व मिळते. ते स्निग्धांशात विरघळणारे असल्यामुळे भाजीस थोडे तेल हवेच. शालेय आहारातील पालेभाजी मुले ताटाच्या कडेस सारतात. तेवढ्याकडे शिक्षकांनी लक्ष पुरविले तरी पुष्कळ झाले. बालकांस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत या सत्त्वाच्या नऊ मात्रा देण्याची शासकीय योजना आहे. पहिली एक लाख एककांची, नंतर दर सहा महिन्यांनी दोन लाखांची. मात्रा अति झाली तर अपायकारक, म्हणून ती आरोग्यसेविकेच्या हातूनच दिली जावी.

शाळेतील मुलाच्या डोळ्यावर असा डाग दिसल्यास त्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. वार्षिक आरोग्य तपासणीची वाट पाहू नये. मोठ्या मुलाचा डाग कधी कधी जुना, उपचारानंतरही मागे राहिलेला असतो. परंतु ज्या घरात तो आढळला त्या घरातील अन्न सर्व भावंडांचे एकच असते आणि खरा धोका असतो तो अद्याप शाळेत न आलेल्या धाकट्यास. सबब चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्या मुलास दोन प्रश्न अवश्य विचारावेत: घरी पाच वर्षांखालील कोण आहे, आणि संध्याकाळी ते आपले आपण अंगणात फिरते काय? उत्तरे चिठ्ठीत नोंदवून तिची एक प्रत अंगणवाडीकडे द्यावी.